जुन्या घरातली हवा: डक्ट साफ करून घ्यावेत का, की आधी दुसरं काही पाहावं?

सायलीची_वेल

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीमध्ये १९५६ साली बांधलेलं घर घेतलं. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या होत्या तोवर काही जाणवलं नाही. थंडी पडल्यावर गॅसची फर्नेस, म्हणजे हवा तापवून डक्टमधून (खोल्यांत हवा नेणाऱ्या नळ्यांतून) घरभर सोडणारी भट्टी, सुरू केली आणि तेव्हापासून घरात जळक्या धुळीचा वास येतोय. बेसमेंटमध्ये तर कायमच बुरसट वास असतो. मुलगा पाच वर्षांचा आहे, तो रात्री खोकतो. त्यातच सासूबाई सांगलीहून यायच्या आहेत, सहा महिने राहतील, आणि त्यांना जुना दमा आहे.

टपालात एक कार्ड आलं: ९९ डॉलरमध्ये अख्ख्या घराचे डक्ट स्वच्छ. दुसऱ्या एकाने घर पाहून ९०० सांगितले, वर ‘सॅनिटायझिंग’चे, म्हणजे जंतुनाशक फवारणीचे, २५० वेगळे. दोघांच्या आकड्यांत एवढी तफावत का, तेच कळत नाही.

घराची माहिती देते. डक्ट पत्र्याचे आहेत, बेसमेंटच्या छताला उघडे दिसतात, सांध्यांवर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. फिल्टर एक इंच जाडीचा आहे. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आहे, त्यालाच पंखा आहे.

सासूबाई यायच्या आत काय करून घ्यावं? ज्यांनी डक्ट साफ करून घेतले आहेत त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

पाऊलवाट

आम्ही करून घेतले होते, घर घेतल्यावर लगेच. आधीच्या मालकाने दोन खोल्यांची तोडफोड केली होती आणि तो सगळा राडा डक्टमध्ये गेला होता. जिप्समची पांढरी भुकटी, लाकडाचा भुसा, खिळे, एक खेळण्यातली गाडीसुद्धा निघाली. साफ केल्यावर कपाटांवर बसणारी पांढरी धूळ खरोखर कमी झाली. त्यामुळे मी तरी करा म्हणेन, पण ९९ वाल्याकडून नको. तो घरात शिरला की खोलीतल्या डक्टच्या तोंडावरच्या प्रत्येक जाळीचे वेगळे पैसे, मुख्य डक्टचे वेगळे, असं करत आकडा चढत जातो. आमच्या शेजाऱ्यांकडे असंच झालं.

वारा_मोजणारा

सायली, सर्वांत आधी एक विनंती. त्या पांढऱ्या पट्टीला हात लावू नका आणि डक्टमध्ये कोणालाही ब्रश घालू देऊ नका. बाकीचं नंतर.

मी इमारतींच्या वायुवीजनाचं काम करतो, जुनी घरं बरीच पाहतो. १९५६ च्या घरात पत्र्याच्या डक्टच्या सांध्यांवर पांढरी किंवा करडी पट्टी असेल, आणि तिचा पोत कापडासारखा किंवा जाड कागदासारखा असेल, तर ती अॅस्बेस्टॉसची, म्हणजे श्वासात गेल्यास फुप्फुसाला घातक ठरणाऱ्या बारीक खनिज तंतूंची, असण्याची दाट शक्यता असते. सत्तरच्या दशकापर्यंत ही पट्टी सर्रास वापरली जायची. काही घरांत फर्नेसजवळचा सगळा डक्टच पांढऱ्या पन्हळी कागदात गुंडाळलेला दिसतो, तोही त्यातलाच. पट्टी घट्ट आणि अखंड असेल तर ती तशी राहू देणं सर्वांत सुरक्षित. धोका असतो तो ती फाटली, सुटली, घासली गेली की. फिरता ब्रश आतून पत्र्याला हादरे देतो, कामगार शिडी लावताना पट्टी ओरबाडतो, आणि मग ते तंतू त्याच डक्टमधून घरभर जातात. म्हणून सांगा: पट्टीचा पोत कसा आहे? कुठे सुटली आहे का? फोटो दुरूनच काढा.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, म्हणजे ईपीएची, याबाबतची भूमिका बरीच स्पष्ट आहे. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. डक्टमधली बरीच धूळ पत्र्याला चिकटून बसते, ती खोलीत येतेच असं नाही. साफ करावे असं ईपीए तीन परिस्थितींत सांगते: आत बुरशी डोळ्यांना दिसत असेल, उंदीर किंवा किडे झाले असतील, किंवा धूळ आणि कचरा इतका साठला असेल की जाळीतून खोलीत पडतोय. पाऊलवाट यांचं घर या तिसऱ्या प्रकारात बसतं, म्हणून त्यांना फरक जाणवला. दर तीन वर्षांनी करायचं काम म्हणून याच्याकडे पाहू नका.

खर्चाच्या तफावतीचं कारण साधं आहे. नीट काम करायचं तर मोठं यंत्र लावून अख्खी डक्टव्यवस्था उणे दाबाखाली (आतली हवा बाहेर ओढून) घ्यावी लागते, सगळ्या जाळ्या झाकाव्या लागतात, पत्र्यात जागोजागी झाकणं कापावी लागतात, पंखा आणि कॉइलही (हवा थंड करणाऱ्या नळ्यांचं वेटोळं) साफ करावे लागतात. दोन माणसांचं बरेच तासांचं काम आहे ते. एका फर्नेसच्या घराला साधारण ४५० ते १,००० डॉलर लागतात. ९९ डॉलरमध्ये साधा व्हॅक्यूम जाळीच्या तोंडाशी फिरवला जातो, त्याने घाण हलते आणि तिथेच राहते.

पण मला तुमच्या वर्णनात डक्टपेक्षा बेसमेंट जास्त खटकतंय. तिथला बुरसट वास वर कसा येतो याचा विचार करा. जुन्या घरांत हवा परत फर्नेसकडे नेणारा मार्ग, ज्याला आपण रिटर्न म्हणतो, तो बऱ्याचदा खरा डक्ट नसतोच. वरच्या मजल्याच्या दोन लाकडी तुळयांमधल्या पोकळीला खालून पत्रा ठोकलेला असतो. सत्तर वर्षांत लाकूड आक्रसतं, पत्रा सुटतो आणि फटी पडतात. फर्नेसचा पंखा सुरू झाला की रिटर्नमध्ये उणे दाब तयार होतो, आणि तो त्या फटींतून बेसमेंटची हवा ओढून घेतो. ओल, बुरशीचे बीजाणू, रंगाच्या डब्यांची वाफ, जे काही खाली असेल ते शयनगृहात पोचतं. सामान्य घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते असं एनर्जी स्टार हा अमेरिकी सरकारचा ऊर्जाबचतीचा कार्यक्रम सांगतो. अशा घरात डक्ट आतून घासणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. फर्नेसचा पंखा ‘ऑन’ वर ठेवा. एक उदबत्ती पेटवून रिटर्नच्या बाजूच्या सांध्यांजवळून हळूहळू न्या, पट्टीपासून हात लांब ठेवून. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे फट आहे.

सायलीची_वेल

बापरे. पट्टी कापडासारखीच आहे, तिचं विणकाम दिसतं. फर्नेसजवळच्या दोन सांध्यांवर कडा सुटून लोंबतेय. मी मागच्याच आठवड्यात खराटा घेऊन तिथली कोळिष्टकं काढणार होते, बरं झालं राहिलं ते.

उदबत्तीचा प्रयोग केला. रिटर्नच्या पत्र्याच्या अख्ख्या लांबीभर धूर आत जातोय! एका ठिकाणी तर बोट जाईल एवढी फट आहे. बेसमेंटचा वास वरच्या खोल्यांत नेमका फर्नेस सुरू झाल्यावरच का येतो ते आत्ता कळलं.

वारा_मोजणारा

मग क्रम ठरला. आधी परवानाधारक तपासनीस बोलावून पट्टीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. स्वतः तुकडा कापू नका. अॅस्बेस्टॉस निघालं तर दोन मार्ग असतात. चांगल्या अवस्थेतल्या पट्टीवर विशिष्ट लेप देऊन ती बंदिस्त करतात, आणि सुटलेली पट्टी काढतात. दोन्ही कामं राज्याचा परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तपासणारा आणि काढणारा वेगवेगळा असेल तर उत्तम, म्हणजे ‘सगळंच काढायला हवं’ असं सांगण्यात तपासणाऱ्याचा काही फायदा राहत नाही.

तोवर बेसमेंटमध्ये मुलाला खेळू देऊ नका आणि तिथे झाडू मारू नका.

अजून एक. पाणी तापवायची टाकी त्याच बेसमेंटमध्ये आहे का, आणि तिचा धूर साध्या उभ्या नळीतून आपोआप वर जातो का? तसं असेल तर रिटर्नची गळती गंभीरपणे घ्या. रिटर्न बेसमेंटमधली हवा जोरात ओढत असेल तर नळीतून वर जाणारा जळालेला वायू उलटा खोलीत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म हवाच. फर्नेसची दरवर्षीची तपासणी करताना हीट एक्स्चेंजरला (जळालेला वायू घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेला नाही ना, हे मुद्दाम विचारा.

श्वासमात्रा

मी मुंबईत छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. इथे निदान करणार नाही, मुलाला तिथल्या डॉक्टरांना दाखवाच. पण जाण्याआधी दोन गोष्टींची नोंद ठेवली तर त्यांना मदत होईल. खोकला घराबाहेर, म्हणजे शाळेत किंवा दुसऱ्या गावी मुक्कामाला गेल्यावर, कमी होतो का? आणि खोकला झोपल्यावर लगेच सुरू होतो की पहाटे? बाहेर बरं आणि घरी त्रास असं चित्र असेल तर घरातल्या कारणांकडे पाहावं लागतं.

दम्याच्या घरात मी सगळ्यात आधी झोपायच्या खोलीकडे पाहते, कारण माणूस सलग आठ तास तिथली हवा घेतो. गादी आणि उशीत राहणारे धुळीतले सूक्ष्म कीटक हे सर्वांत नेहमीचं कारण. हे डक्टमध्ये राहत नाहीत. त्यांना आपल्या त्वचेचे कण आणि दमटपणा लागतो, तो गादीत मिळतो. उशी आणि गादीला बारीक विणीची बंद आवरणं घाला, चादरी आठवड्यातून एकदा ५५ अंश सेल्सिअसच्या वर गरम पाण्यात धुवा, घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा. जुना गालिचा असेल तर आजी झोपणार त्या खोलीतून तो काढलेला बरा.

आणि आजींसाठी एक नाजूक मुद्दा. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, धूप, कापूर असेल तर हिवाळ्यात बंद घरात त्याचा धूर तासन्‌तास रेंगाळतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आजींचा दमा पंप बदलून आटोक्यात आला नाही, तो देवघरातला धूप थांबवल्यावर आला. त्यांना एकदम ‘बंद करा’ म्हणू नका. निरांजन आणि फुलं ठेवा, उदबत्ती पेटवायचीच असेल तर खिडकी उघडून थोडा वेळ. मी त्यांना सांगते की देवाला तुमचा श्वास जास्त हवा आहे. बहुतेक जणी ऐकतात.

खमंग_फोडणी

डॉक्टरांशी सहमत, आणि त्यात स्वयंपाकघर जोडते. माझ्याकडे पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारा छोटा मीटर आहे. हिंग-मोहरीची फोडणी दिली किंवा पोळीचं पीठ तव्यावर जळलं की आकडा दोन अंकी असतो तो मिनिटभरात तीन अंकी होतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, हे लक्षात घेतलं की तो आकडा पाहून छातीत धस्स होतं.

सायली, शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा हवा नक्की कुठे फेकतो ते पाहा. बहुतेक जुन्या घरांत तो धूर एका कोळशाच्या पातळ फिल्टरमधून गाळून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो. वास थोडा कमी होतो, बारीक कण आणि गॅसच्या ज्योतीचा नायट्रोजन डायऑक्साइड जसेच्या तसे घरात राहतात. पंखा चालू असताना मायक्रोवेव्हच्या दाराच्या वरच्या पट्टीवर हात धरा. तिथे वारा लागला तर बाहेर काहीच जात नाही. आम्ही भिंतीला भोक पाडून धूर खरोखर बाहेर टाकणारा हूड (शेगडीवरचा पंखा) बसवला. या घरावर केलेल्या खर्चात सगळ्यांत सार्थकी लागलेला खर्च तोच. तोवर मागची शेगडी वापरा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि स्वयंपाक संपल्यावरही पंखा दहा-पंधरा मिनिटं चालू द्या.

वारा_मोजणारा

अगदी बरोबर. हूड मोठा घेताना मात्र वर लिहिलेली उलट्या धुराची गोष्ट विसरू नका. घट्ट बंद घरात फार ताकदीचा हूड लावला तर तोही टाकीच्या नळीतून हवा ओढतो.

निळा_पर्वत

मी पेनसिल्व्हेनियात लीहाय व्हॅलीत राहतो. कोणीच रेडॉनचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. बेसमेंट असलेलं जुनं घर आणि मूल खाली खेळतं, मग ही चाचणी आधी करा. धूळ आणि वास निदान कळतात तरी, रेडॉन अजिबात कळत नाही. मातीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू तळघराच्या भेगांतून वर येतो. अमेरिकेत धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं हे दुसरं मोठं कारण आहे, आणि ईपीएच्या अंदाजाने वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू यामुळे होतात.

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे ते एका माणसामुळे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काम करत होते. कामावर शिरताना किरणोत्साराचा भोंगा वाजायचा, आणि केंद्रात तर अजून वीजनिर्मिती सुरूच झालेली नव्हती. शोध घेतला तेव्हा सगळं त्यांच्या घरातून येतंय असं निघालं. तिथलं रेडॉन लिटरमागे २,७०० पिकोक्युरीच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) आसपास होतं, आणि ईपीए ४ वर गेलं की उपाय करा म्हणते. तो खडकाचा पट्टा, रीडिंग प्राँग, पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीच्या उत्तर भागात जातो. तुमची काउंटी त्या पट्ट्यात येत नसली तरी शेजारच्या घरात कमी म्हणून तुमच्याकडे कमी असं काही नसतं.

चाचणीचा कोळशाचा डबा दुकानात स्वस्तात मिळतो. आधी १२ तास दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, मग घरात माणसं वावरतात त्या सगळ्यात खालच्या मजल्यावर दोन ते चार दिवस डबा उघडा ठेवून प्रयोगशाळेला पाठवायचा. आकडा जास्त निघाला तरी घाबरायचं कारण नाही. जमिनीखालून नळी काढून पंखा लावतात, तो वायू वरच्या वर छताबाहेर जातो. एक-दोन दिवसांचं काम आहे.

ओल्या_भिंती

मी गिरगावातली. आमच्याकडे फर्नेस नाही, पण आमच्या इमारतीतही डक्ट आहे: संडास-मोरीच्या मागचा उभा बोळ, ज्यात सगळ्या मजल्यांचे पाइप आणि सगळ्यांचे एक्झॉस्ट पंखे उघडतात. खालच्या घरात मासे तळले की वास आमच्या मोरीत. वर कबुतरांनी तर तिथे संसार थाटलाय, विष्ठेचे थर साचलेत. एसी लावला की खिडक्या बंद, मग रात्रभर कोंदट. आमच्यासारख्या घरांना काय उपाय?

श्वासमात्रा

कबुतरांचं आधी बघा, आजच. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी श्वासात जात राहिली तर काहींच्या फुप्फुसाला सूज येते, वैद्यकीय भाषेत हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुस कडक होतं आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. कोरडा खोकला आणि जिना चढताना वाढत जाणारी धाप घेऊन आलेल्या पेशंटला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, खिडकीत कबुतरं आहेत का? २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा अनेकांना तो भावनेचा विषय वाटला. ज्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी आहे त्यांची बाजूही बघायला हवी.

विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी पाणी मारून भिजवायची, एन-९५ मास्क लावायचा, मग काढायची. नंतर बोळाच्या तोंडाला जाळी. घरात आधीच कोणाला दमा किंवा धाप असेल तर त्या व्यक्तीने त्या वेळी घरात थांबू नये.

वारा_मोजणारा

बोळाबद्दल: तुमच्या एक्झॉस्टला मागे आपोआप मिटणारी झडप बसवा, पंखा बंद असताना खालच्यांची हवा आत येणार नाही. सोसायटीत बोलून बोळ वरून उघडा ठेवा. अनेक इमारतींत पावसासाठी वर पत्रा टाकून तो पूर्ण बंद केलेला असतो, मग हवा वर जायला वाटच राहत नाही. पाऊस अडवायचा तर पत्रा उंच उचलून चारी बाजू जाळीने उघड्या ठेवाव्यात.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच फिरवून थंड करतो. झोपायच्या खोलीतल्या खिडकीचं एक दार बोटभर उघडं ठेवा. वीज थोडी जास्त जाईल, पण सकाळी डोकं जड होणार नाही. आणि एसीची आतली जाळी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा. कॉइलवर बुरशी असेल तर नुसती जाळी धुऊन भागत नाही, माणूस बोलावून कॉइल आणि पाण्याचा ट्रे धुऊन घ्यावा लागतो.

दूरचा_धूर

टोरंटोहून. फिल्टरवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. जून २०२३ मध्ये वणव्यांचा धूर इथून पार न्यूयॉर्क-न्यू जर्सीपर्यंत गेला होता, आकाश नारिंगी झालं होतं ते आठवत असेल. तेव्हा आमच्या फर्नेसमधला स्वस्त फायबरचा फिल्टर धुराला काहीच करत नव्हता. तो फर्नेसचा पंखा वाचवायला असतो, माणसांना नाही. धुराचे बारीक कण पकडायचे तर मर्व्ह १३ लागतो (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो याची श्रेणी).

तातडीचा उपाय म्हणून कोर्सी-रोझेन्थल खोकं केलं. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी २०२० मध्ये कोविडच्या काळात सुचवलेली रचना आहे. मर्व्ह १३ चे चार फिल्टर चौकोनात उभे करून चिकटवायचे, खाली पुठ्ठा आणि वर चौकोनी पंखा. दिसायला ओबडधोबड, पण खोलीची हवा झपाट्याने स्वच्छ होते. आजींच्या खोलीत एक ठेवाच.

वारा_मोजणारा

खोक्याला पूर्ण अनुमोदन. फर्नेसच्या बाबतीत मात्र थांबा. एक इंच जाडीच्या जागेत मर्व्ह १३ घातला तर जुन्या पंख्याला हवा ओढायला जड जातं. हवा कमी फिरते, हीट एक्स्चेंजर जास्त तापतो आणि उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ धरतं. सायली, तुमच्या तंत्रज्ञाला डक्टमधला दाब मोजायला सांगा. बऱ्याच पंख्यांची रचना पाण्याच्या अर्ध्या इंचाच्या दाबासाठी असते, त्याच्या वर गेलं तर फिल्टर फार जड झाला. खरा उपाय म्हणजे चार-पाच इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घेणं. पृष्ठभाग वाढतो, म्हणून बारीक गाळूनही दाब चढत नाही. आणि फिल्टरच्या कडेने हवा निसटत असेल तर कितीही महागडा घ्या, उपयोग शून्य.

पाऊलवाट

सॅनिटायझिंगचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे त्यांनी काहीतरी फवारलं होतं, दोन दिवस लिंबासारखा वास होता. ते करावं का?

वारा_मोजणारा

माझं मत: नाही. बुरशी वाढते कारण तिथे पाणी आहे. कॉइलखालचा ट्रे तुंबलाय, थंड पत्र्यावर दव धरतंय, किंवा बेसमेंट ओलं आहे. ते पाणी थांबवलं नाही तर औषध मारूनही बुरशी परत येते, आणि औषध मात्र श्वासात जातं. डक्टच्या आत फायबरग्लासचं अस्तर असेल तर फवारणीचा विचारही नको. अशा अस्तरावर वापरायला ईपीएने कोणतंही जंतुनाशक मान्य केलेलं नाही. ते ओलं होऊन बुरसलं असेल तर बदलणं हाच मार्ग.

ओझोन सोडणारी ‘हवा शुद्ध करणारी’ यंत्रंही कोणी गळ्यात मारेल. ओझोन फुप्फुसाला थेट त्रास देतो, दम्याच्या माणसाला तर फारच. कॅलिफोर्नियाने २०१० पासून घरगुती यंत्रांच्या ओझोनवर मर्यादाच घातली आहे. यंत्र घेताना साधा हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारा) आणि पंखा एवढंच आहे ना, ते पाहा.

आजोळ

सायली, अगं मी तुझ्या सासूबाईंच्याच वयाची. लेकीकडे बोस्टनला दर हिवाळ्यात येते. एक सांगू का, आम्हा लोकांना बंद घराची सवय नसते. सांगलीत दारं दिवसभर उघडी. इथे आल्यावर कोंडल्यासारखं होतं, पण लेकीला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. त्यांची खोली अशी दे जिची खिडकी त्यांना स्वतःला सहज उघडता येईल. आणि फर्नेसची हवा फार कोरडी असते, घसा सुकतो. ह्युमिडिफायर लावलास तर त्यातलं पाणी रोज बदल, नाहीतर तोच त्रासाचं कारण होतो.

श्वासमात्रा

आजींनी लाखमोलाचं सांगितलं. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांमध्ये राहील एवढंच पाहा. दहा-पंधरा डॉलरचा मीटर खोलीत ठेवा म्हणजे अंदाजावर राहायला नको.

सायलीची_वेल

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

पट्टीत क्रायसोटाइल प्रकारचं अॅस्बेस्टॉस निघालं. सुटलेल्या सांध्यांवरची पट्टी परवानाधारक लोकांनी प्लास्टिकचे पडदे लावून, उणे दाबाचं यंत्र लावून काढली. बाकी घट्ट होती ती लेप देऊन बंद केली. काम झाल्यावर हवेची चाचणी वेगळ्या माणसाकडून करून घेतली, ती व्यवस्थित आली. ९९ वाल्याला मी फोनवर एवढंच विचारलं होतं की अॅस्बेस्टॉसची पट्टी असेल तर तुम्ही काय करता. तो म्हणाला, काही होत नाही. तिथेच विषय संपला.

रिटर्नच्या फटी मॅस्टिकने, म्हणजे ब्रशने लावायच्या घट्ट लेपाने, बुजवल्या. पावसाळी पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत होतं, ते नळी लावून लांब नेलं, आणि बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर ठेवला. वास जवळजवळ गेलाय. रेडॉन ४ च्या थोडं वर निघालं, त्याचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. डक्ट आतून कॅमेऱ्याने पाहिले, पत्र्यावर पातळ धूळ आहे, बुरशी नाही, म्हणून साफ करणं तूर्त रद्द. ते पैसे बाहेर जाणाऱ्या हूडसाठी ठेवलेत.

मुलाला डॉक्टरांना दाखवलं. धुळीतल्या कीटकांची अॅलर्जी निघाली. गादीची आवरणं आणि औषध सुरू आहे, रात्री बराच शांत झोपतो.

एक शेवटचा प्रश्न. कॅमेरा घेऊन आलेला माणूस जाता जाता म्हणाला की कपडे वाळवायच्या यंत्राची नळी बदला. ती चंदेरी, घड्यांची, लवचिक आहे. तोही असाच वरचा खर्च आहे का?

वारा_मोजणारा

नाही, त्याचं ऐका. घरातल्या सगळ्या नळ्यांत नियमित साफ करावी अशी हीच एक. घड्यांमध्ये कपड्यांचे तंतू अडकतात आणि ते पेट घेतात. अमेरिकेत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात आणि सफाई न करणं हे त्याचं प्रमुख कारण आहे. गुळगुळीत, कडक धातूची चार इंची नळी घ्या, शक्य तितकी आखूड, कमीत कमी वळणांची. सांधे धातूच्या चिकटपट्टीने जोडा. आत स्क्रू नकोत, तंतू त्यांनाच अडकतात. ‘डक्ट टेप’ म्हणून मिळणारी कापडी पट्टीही नको, बर्कलेच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये तपासली तेव्हा ती उष्णतेत टिकली नव्हती. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, पण जाळी नको, जाळी तंतूंनी तुंबते. वर्षातून एकदा लांब ब्रश घालून साफ करा. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला तर वर्षाची वाट पाहू नका.

सायलीची_वेल

आमच्याकडे एका फेरीत वाळतच नाहीत, दोनदा लावावे लागतात. मला वाटत होतं मशीन जुनं झालंय. आज रात्रीपासून बंद, शनिवारी नळी बदलतो.